जाऊबाईंचा निकाल

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी आयुष्यात एकही नियम "का रे बाबा?" असं विचारल्याशिवाय घरात घेतला नाही, उलट त्यांना कुणी "का?" विचारलेलं मात्र खपायचं नाही. इंग्लंडातल्या स्लाऊ गावच्या आमच्या मराठी मंडळात मोदकस्पर्धेच्या त्या कायमच्या परीक्षक. मोदकाला अकरा कळ्या हव्यात असा नियम. एका वर्षी बाईंनी पहिलं बक्षीस दिलं ते पाच कळ्यांच्या, फुटक्या मोदकाला. मी नियमांचा कागद नाचवला, तर म्हणाल्या, "कागद खाऊन बघ, कसा लागतो ते." तेव्हा मी पंचावन्नची, म्हणजे तशी अल्लडच, इथल्या नगरपालिकेत, म्हणजे कौन्सिलात, फायली लावून लावून फायलीसारखीच सरळ झालेली.

अशा बाईंना बासष्टाव्या वर्षी कोर्टात ज्युरीवर बसायचं, बारा जणांत बसून निकाल द्यायचं, बोलावणं आलं. "इंग्लंडचं काही खरं नाही," आमचे हे म्हणाले. आणि बसमध्ये परक्या माणसाला जावयाचं ब्लडप्रेशर सांगणाऱ्या जाऊबाई खटल्याबद्दल एक अक्षर बोलेनात, ज्युरीनं बाहेर बोलायचं नाही असा कायदा म्हणे! मी बटाटेवड्यांची लाच देऊन पाहिली. वडे गेले, अक्षर काही आलं नाही. शेवटी रजा काढून मीच कोर्टाच्या गॅलरीत जाऊन बसले.

आरोपी सत्तरीचा, रिटायर्ड पोस्टमन. बायकोला मज्जातंतूंचा आजार, अंगात पेटके येत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी भागेना, म्हणून यानं काचघरात टोमॅटोंच्या आड गांजा लावला आणि तिला दिला. सगळं कबूल. तो तुरुंगात गेला, तर तिला पलंगावरून उठवायलाही कुणी नव्हतं. ती तिथेच, चाकांच्या खुर्चीत बसलेली. जज्जसाहेबांनी ज्युरीला बजावलं, दुखण्याची सबब कायद्यात बसत नाही. पण "दोषी म्हणा" असं फर्मावण्याचा अधिकार त्यांना नाही, हे मला कुठे ठाऊक? माझ्या हिशेबी जज्ज बोलले की संपलं. मी जाऊबाईंकडे पाहिलं. चेहरा थेट मोदकांच्या ताटापुढचा! जज्जांचं ऐकलं नाही तर बाईंनाच आत टाकणार, या धास्तीनं घरी येऊन मी मुकाट्यानं शाल, थायरॉईडच्या गोळ्या आणि चिवडा अशी त्यांची तुरुंगाची पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी सिक्युरिटीवाल्यानं पिशवीत डोकावून "पिकनिक?" असं विचारलं. दुपारी बाराही जण बाहेर आले. "नॉट गिल्टी." जज्जसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी पिशवी छातीशी धरली. तर गृहस्थ ज्युरीचे आभार मानून मोकळे! दारात मी जाऊबाईंचा हात ओढला.

"वहिनी, चला लवकर, त्यांचं मन बदलायच्या आत!"

"त्यांच्या मनाचा संबंधच काय? कायदा त्यांनी सांगितला, निकाल आमचा. पिशवीत काय आहे? चिवडा? आण इकडे."

जाऊबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या बंद खोलीत एकट्या त्याच अडून बसल्या की सगळेच, हे अखेरपर्यंत त्यांनी सांगितलं नाही. मला आठवते ती त्या दिवशीची परतीची बस. कोर्टाबाहेर तो म्हातारा बायकोच्या पायांवर ब्लँकेट घालत होता, आणि जाऊबाई त्यांच्याशी शब्दही न बोलता मान खाली घालून पुढे निघून आल्या होत्या. बस सुटल्यावर पाहते, तर डोळे पुसतायत.

"आतलं नका सांगू," मी म्हटलं, "पण रडताय कशाला?"

"ब्लँकेट एका बाजूनं लोंबत होतं गं. चाकात जायचं."

रुमाल पिशवीत टाकला. मग स्वतःशीच म्हणाल्या, "खोचेल तो. घरीच आहे आता."