उभ्या पंखांची माशी

हलक्या धानाची कापणी सुरू होती म्हणून मी माहेरी, दिघोरीला गेले होते. दुपारी शेताच्या धुऱ्यावर बसून शिदोरी सोडली, तर माझा धाकटा दीर एसटीतून उतरून, चपला हातात घेऊन, बांधाबांधानं येताना दिसला. जवळ येऊन त्यानं चपला खाली ठेवल्या. मग म्हणाला, "वहिनी, वत्सलाताई गेली." हातातला घास मी परत डब्यात ठेवला. आठच दिवसांपूर्वी निघताना तिनं खाटेवरूनच मला बजावलं होतं, "जाय, धान कापून ये. पन माह्या खिडकीले कोनी हात लावाचा नाही, सगळ्याइले सांगून जाय." दुखणं होतं, पण अशी घाईनं जाईल असं वाटलं नव्हतं... मी सासरी, भंडाऱ्याला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्याला जेवणं झाल्यावर आमच्या ह्यांचे मामा, म्हणजे आमचे मामाजी, पानाला चुना लावत म्हणाले, "बिचारी. अख्खा जनम माशा मारन्यात गेला तिचा." चार माणसं हसली. घरात पाहुणे होते म्हणून त्या वेळी मी गप्प बसले. आता महिना उलटून गेलाय आणि मी गप्प बसणार नाही.

वत्सलाताई माझी थोरली नणंद. नवऱ्यानं टाकलेली, असं कुणी म्हटलं की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, "त्यानं नाही, म्या टाकलं त्याले." नाकावर माशी बसू द्यायची नाही. माझं लग्न झालं तेव्हा ती सासर सोडून येऊन दोनेक वर्षं झाली असतील. आमचं घर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारं. ओसरीवर दोन माग, आणि मागच्या खोलीत ताई कोशाचा धागा काढत बसलेली. तिची बोटं इतकी हलकी, की तुटलेल्या धाग्याची गाठ मारली तर नखानंही लागायची नाही. तरी येणारा-जाणारा तिच्याकडे पाहून कीव करायचा. मला तिची कीव येण्याऐवजी त्या कीव करणाऱ्यांचाच राग यायचा, पण नवी सून, बोलणार काय!

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास जवाहरनगरच्या फॅक्टरीतले डोगरा साहेब आमच्याकडे कोशाचा बारीक धागा मागायला आले. माणूस कुल्लूकडचा. तिकडच्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा ठिपक्याठिपक्यांचा मासा असतो, आमच्या उन्हात एक दिवस जगणार नाही असा. तो पाण्यावरचे किडे टिपून खातो, म्हणून गळाला पिसं आणि रेशीम गुंडाळून हुबेहूब किडा बनवतात आणि त्यावर त्याला फसवतात. साहेबांनी खिशातल्या डबीतून तसली एक माशी काढून दाखवली. ताईनं ती तळहातावर घेतली, उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "हे तं मी बांधून देईन. याच्याहून चांगली." साहेब हसले. आठवड्यानं परत आले तेव्हा तिनं तीन माश्या पुढे ठेवल्या. मग मात्र ते हसले नाहीत. "बहनजी, ये तो उड़ जाएगी!" एवढंच म्हणाले.

त्यांनीच पहाडातल्या एका दुकानदाराशी गाठ घालून दिली. गळ पकडायला छोटा लोखंडी शिकंजा दिला, गळ टाकायची स्वतःची एक जुनी काठी देऊन ठेवली. दुकानदार पोस्टानं नमुने पाठवायचा, ताई तशा माश्या बांधून पाठवायची. अंग कोशाच्या धाग्याचं, त्याभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस, शेवटच्या गाठीवर माझ्याकडच्या नखं रंगवायच्या बाटलीतला एक थेंब. आमचे सासरे माळकरी. घरात अंडं येत नसे आणि ताईच्या डब्यात कोंबड्याची पिसं! त्यावरून पहिले सहा महिने रोज रामायण. शेवटी सासरेच थकले. बांधून झालेल्या माश्या ती वाळायला खिडकीच्या पडद्याला टोचून ठेवायची. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "काय वं वत्सले, माशा मारून राहिली काय?" ताई मान वर न करता म्हणायची, "मारनारे लय आहेत. मी बांधून राहिली."

पाच-सहा वर्षं छान गेली आणि मग माशी शिंकली. एकदा दुकानातून आलेला नमुना लिफाफ्यात पार चेपून आला होता, पंख दोन्ही बाजूंना सपाट झालेले. ताईनं तो पाहिला, "येता येता मेली वाटते," म्हणाली आणि तिनं आपल्या रीतीनं, पंख उभे करून, नमस्काराला हात जोडावेत तसे, अख्खा माल बांधून पाठवला. पंधरा दिवसांत सगळा परत. सोबत चिठ्ठी: पंख नमुन्याप्रमाणे नाहीत, आडवे करून पाठवा, नाहीतर यापुढे काम मिळणार नाही. आमचे हे म्हणाले, "त्यात काय एवढं? तांब्या ठेव वरतून, होतात चपटे. काम तं टिकन."

ताई ह्यांच्याकडे पाहतच राहिली. "जिती माशी दाबून मारू? काहून? त्याइच्या लिफाफ्यात मेली म्हनून?"

आता जे लिहिणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई दुपारची जरा पडली होती, तेव्हा मी परत आलेल्या मालातली एक डबी उघडली, माश्या पाटावर मांडल्या आणि त्यांच्यावर पितळेचा तांब्या दाबला. मला वाटलं, मी तिचं काम वाचवतेय. ते काम गेलं तर ही पुन्हा कीव करणाऱ्यांच्या तावडीत सापडेल, याची मला खरोखर भीती होती. तांब्या उचलला आणि मागे वळले तर ताई दारात. बाप्पा! वाटलं, आता ही माझं काही ठेवत नाही.  तिनं पाट उचलून खिडकीत नेला, सुई घेतली आणि दिवेलागणीपर्यंत एकेका माशीचे पंख उचलून उभे करत बसली. त्या दिवसाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. संध्याकाळी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "तुह्यं बी बरोबर असन कुसुम. तुले नाही ठाव, मले नाही ठाव. ज्याले खायाची हाये त्यालेच इचारू. उद्या चाल माह्यासंगं."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही दोघी वैनगंगेवर गेलो. दोन बायका, हातात साहेबांची काठी, आणि घाटावर ही गर्दी! सुकरू ढिवर जाळं वाळवत होता, तो म्हणाला, "पिसाईनं मासोळी धरते व्हय बाई? कोंबडा तरी सोडा अख्खा!" ताईनं एकाच दोरीला दोन माश्या बांधल्या. एक दुकानाचा चपटा नमुना, एक तिची. पहिल्यांदा दोरी तिच्या पदरातच अडकली. दुसऱ्यांदा झुडपात. लोक हसत होते, आणि मी देवाला म्हणत होते, एक तरी येऊ दे रे. ताई मात्र पाण्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "पाह्य, खरे किडे कसे बसले हायेत." पाण्यावर बारीक बारीक किडे तरंगत होते आणि प्रत्येकाचे पंख उभे होते. मग तिची दोरी नीट पडली. पाणी फुटलं, आणि ताईच्या माशीला वीतभर चांदीसारखी मासोळी! तिनं गळ सोडवला आणि मासोळी परत पाण्यात सोडून दिली. सुकरू ओरडलाच, "अवो बाई, सोडता काहून?"

"मले खायाचं नवतं," ताई म्हणाली. "इचाराचं होतं."

अंधारून येईपर्यंत ती विचारत राहिली. पुन्हा पुन्हा तिच्याच माशीला मासोळी आली. चपट्या नमुन्यालाही एकदा एक लागली, हेही सांगायला हवं. त्यावर ताई म्हणाली, "एखांदी येडी असतेच." परतताना सुकरूनं दोन माश्या मागून घेतल्या. घरी येऊन तिनं मला कार्ड लिहायला बसवलं. मी मॅट्रिक, तिची लेखनिक. "माल तसाच परत पाठवत आहे. मासोळीनं पास केला आहे. तुम्हाला आडवेच पंख हवे असतील तर तुमच्या हातानं चेपा, माझ्या हातानं होणार नाही." मी म्हटलं, ताई, जरा गोड लिहू का? ती म्हणाली, "गोड चहात टाक."

दुकानाचं पत्र पुन्हा कधी आलं नाही. डोगरा साहेबांचीही बदली झाली. काम गेलं ते गेलंच, आणि घरात त्यावरून तिला बरंच ऐकावं लागलं. पण शिकंजा तिनं उचलून ठेवला नाही. सकाळी कोशाचा धागा, दुपारी माश्या, शेवटच्या दुखण्यापर्यंत. सुकरूच्या घरचे घेऊन जायचे, कुणी हौशी माणूस शोधत यायचा, उरलेल्या पडद्यावर. एकीचाही पंख आडवा नाही. मी कैकदा तिला विचारलं, दुकानाचं ऐकलं असतंस तर? दर वेळी तेच उत्तर, "मंग मी खरंच माशा मारल्या असत्या."

परवा मामाजी पुन्हा आले होते. ताईच्या खोलीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. मी चहा ठेवत होते तेवढ्यात फट्‌ असा आवाज आला. जाऊन पाहते तर मामाजी वर्तमानपत्राची गुंडाळी करून पडद्यावर मारतायत. "केव्हाची बसून हाये साली, उडून नाही राहिली," म्हणाले आणि आणखी एक फटका हाणला. माशी तिथेच. मामाजी चष्मा सावरून जवळ गेले, बोट लावलं, आणि गळ टोचला तसा हात झटकला. मग त्यांना कळलं. माझ्याकडे पाहीनात. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी मग हसण्याचं राहिलं नाही...

"मारा ना मामाजी," मी म्हटलं. "थांबले काहून?"

ते बोट चोखत ओसरीवर गेले. मी खिडकीशी बसले. फटक्यांनी माशीचे पंख पार सपाट झाले होते. ताईच्या डब्यातून मी तिची सुई काढली आणि ते उचलून उभे केले. चहा उतू गेला, जाऊ दिला.