फिलूचं पुडकं आणि न थांबलेली बस

बुधवार, २२ जानेवारी २०२५, दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटं. आमच्या सहल कंपनीची बस नाशिक रोडच्या बाळ येशूच्या मंदिरासमोरून न थांबता पुढे गेली. वेळ मी घड्याळात पाहून तिकिटाच्या मागे लिहिली. तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ, ही शिस्त शाळेतल्या सिस्टरांनी लावली आणि पुढे विमा कार्यालयाच्या तक्रार विभागात बत्तीस वर्षं उपयोगी पडली. कंपनीचं नाव मी इथे देत नाही. उत्तर आलं तर तेही इथेच छापीन.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला हा प्रवास करायचा असेल तर माझा शहाणपणा तुम्हाला फुकट मिळावा.

फिलोमिना, म्हणजे आमची फिलू, माझी शाळेपासूनची मैत्रीण. दोघी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो आणि लग्नानंतर दोघी पुण्यात आलो. गेल्या दिवाळीत तिला काचबिंदूचं निदान झालं. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. "बांगडीतून बघितल्यासारखं दिसतं गं," म्हणते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गेलेली नजर परत येणार नाही, ऑपरेशन आहे ते उरलेली टिकवायला. ते ठरलं ११ फेब्रुवारीला. त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती.

"सुमे, बाळ येशूला जाऊन येऊ. या वेळी बघू म्हणू नकोस."

या वेळी मी बघू म्हटलं नाही. कंपनीच्या छापील पत्रकात दोन दिवसांची सहल होती: त्र्यंबकेश्वर, पंचवटी, आणि परतीच्या वाटेवर 'बाळ येशू मंदिर, अर्धा तास'. तो अर्धा तास बघून मी दोन जागा घेतल्या.

मंगळवारी पहाटे निघालो. चाकणची गर्दी चुकवायची असेल तर सहाच्या आत शिवाजीनगर सोडा. नारायणगावला चहा बरा मिळतो, स्वच्छतागृहाबद्दल मी बोलत नाही. नाशिकला पोचून मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पापड आणि दही येतं. रस्सा वेगळा घ्या आणि आधी चाखा. फिलूनं आधी ओतला आणि मग डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "बघ, डोळे अजून चालतात."

दुपारी त्र्यंबकेश्वर. रांग दोन तासांची होती. फिलूला गर्दीत कडेची माणसं दिसत नाहीत, धक्के बसतात, म्हणून ती बाहेर एका ओट्यावर बसली. जाताना एकीनं तिच्यापाशी चपला ठेवल्या. मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती बसमधल्या बत्तीस माणसांच्या चपला जोडीजोडीनं मांडून बसली होती. आमचा मॅनेजर, तिशीतला, गळ्यात शिट्टी, त्यानं आपले बूट उचलले आणि म्हणाला, "वा काकू, तुम्हालाच आता कायमची ड्यूटी."

"पगार सांग आधी," फिलू म्हणाली. सगळे हसले. हे सगळं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाघाटावर चांगलाच गारठा होता. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर हवाच, पुण्याच्या थंडीवर विसंबू नका. फिलूनं स्वेटरच्या आत, छातीशी, वर्तमानपत्राचं एक पुडकं धरलं होतं. ते तिनं रात्रीही उशाशी ठेवलं होतं. भाचीनं बांद्र्याच्या चर्चबाहेरच्या दुकानातून आणलेली मेणाची वस्तू आहे, एवढं मला ठाऊक होतं. तिथे मेणाचे हात, पाय, डोळे, घरंसुद्धा मिळतात. ज्याचं दुखणं असेल त्याची प्रतिमा वाहायची, आपल्याकडे चांदीचे डोळे वाहतात तसं. डोळेच असणार, मी विचारलंही नाही.

पंचवटीनंतर एका पैठणीच्या दुकानात नेलं. पत्रकात ते दुकान नव्हतं. तिथे पावणेदोन तास गेले. मॅनेजरला आत बोलावून चहा दिला. चहाबरोबर आणखी काही दिलं का, ते मी पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही.

मग बस पुणे रस्त्याला लागली आणि माइकवरून घोषणा झाली. "मंडळी, उशीर झालाय. बाळ येशू कॅन्सल."

मी उठून पुढे गेले. "छापलंय ते. अर्धा तास."

"काकू, तिथं बघण्यासारखं काही नाहीये. आणि आपल्या मंडळींपैकी कुणाला इंटरेस्ट पण नाही."

"तुझ्या मंडळींच्या चपला काल कुणी सांभाळल्या?"

तो ड्रायव्हरकडे बघायला लागला. मागून एक बाई म्हणाल्या, "थांबवा की हो, दहा मिनिटांनी काय होतंय?" पण त्याच बाईंच्या यजमानांना आठच्या आत चाकणला पोचायचं होतं. तेवढ्यात फाटक आलं. फिलूनं खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं. तिला कडेचं दिसत नाही, त्यामुळे फाटक अगदी समोर यावं लागतं, आणि ते समोर आलं तोवर मागे गेलंसुद्धा. तिनं पुडकं छातीशी आणखी घट्ट धरलं.

पुढच्या सिग्नलला बस थांबली. मी दार उघडायला लावलं. ड्रायव्हर कुरकुरला, पण माझा आवाज पुरेसा होता.

उतरलो तर दोन बॅगा, एक फिलू आणि भर रहदारी. रिक्षावाल्यानं फिलूला चाचपडताना पाहिलं आणि स्वतः उतरून तिचा हात धरला. "आजी, डोकं वाकवा. हां, बसा आता." मी भाडं विचारलं तर म्हणाला, "द्या रीतीप्रमाणे. आमची मंडळी पन जाते तिथं गुरुवारची. पोरगी झाली तवा पेढे वाहून आली."

"मेणबत्ती नाही?" फिलूनं विचारलं.

"मेणबत्ती पन, पेढे पन. लहान लेकरू हाय ते, त्याला गोड नको का?"

फिलू दोन दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

जाणाऱ्यांसाठी: स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटं लागतात. फेब्रुवारीत यात्रा भरते, तेव्हा मुंबई-वसईकडून माणसांचा पूर येतो. शांतपणे बघायचं तर आमच्यासारखं आधी जा, मधल्या वारी. आम्ही गेलो तेव्हा मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि आवारात आम्हाला धरून सातआठ माणसं होती. मॅनेजर म्हणतो ते एका अर्थी खरं आहे. नक्षीचे खांब नाहीत, दगडी कमानी नाहीत. बसायला बाकं आहेत, झाडं आहेत, आणि कुणी तुम्हाला 'चला चला' म्हणत नाही.

आत मूर्ती आहे. मुकुट घातलेलं, झग्यातलं छोटं मूल, उजवा हात आशीर्वादासाठी वर केलेला. मी फिलूला खांद्याला धरून मधोमध उभं केलं. थोडं डावीकडे, थोडं मागे, जसं फोटो काढताना करतात.

"दिसतो का?"

"थांब. मुकुट आला. तोंड आलं." मग तिनं मान जरा डावीकडे वळवली. "हात दिसला गं. उजवा हात."

मग तिनं पुडकं सोडलं. आत डोळे नव्हते. मेणाचा एक हात होता, मनगटापर्यंतचा, उजवा.

"फिलू, भाचीनं चुकीचं आणलं."

"बरोबर आणलंय. तुझा आहे तो."

दहावीच्या वर्षी शाळेच्या आवारातल्या चिंचेवरून मी पडले होते. चिंच फिलूला हवी होती, चढले मी. उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं ते पेपरच्या आठ दिवस आधी. मी गणितातही पास झाले आणि श्रेय स्वतःला घेतलं. फिलूनं तेव्हा नवस बोलला होता: सुमीचा हात बरा होऊन ती पास झाली तर मेणाचा हात वाहीन, आणि जिचा हात तिला बरोबर घेऊन येईन.

"मग एकटीनं येऊन वाहायचास. पन्नास वर्षं झाली."

"तुला घेऊन येईन असं बोलले होते ना. दरवर्षी तुला विचारायचे. तू म्हणायचीस, बघू."

ऑफिस होतं. मुलं होती. सासूबाई होत्या. सगळं खरं होतं, पण पन्नास वर्षांना पुरणारं नव्हतं.

"आणि डोळ्यांसाठी काय मागितलंस?" मी विचारलं.

"आधीचं फेडल्याशिवाय नवं कसं मागायचं? तोंड आहे का मला?"

म्हणून तिला यायचं होतं. दिवाळीपासून तीन महिने तिनं स्वतःच्या डोळ्यांसाठी एक शब्दही मागितला नव्हता, कारण माझ्या हाताचं द्यायचं राहिलं होतं. आणि आम्ही त्या फाटकासमोरून पुढे गेलो होतो.

हात आम्ही दोघींनी मिळून ठेवला. मग ती डोळे मिटून उभी राहिली, अगदी थोडा वेळ. मीही उभी राहिले. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण बोलताना दोन मेणाचे डोळे कबूल केले आहेत, आणि या वेळी बघू म्हणणार नाही.

परतीला नाशिक रोडहून एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट, हे विसरू नका. सिन्नरच्या पुढे फिलू माझ्या खांद्यावर झोपली. रिकामा कागद तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला होता.

घरी येऊन चार दिवस झाले. तक्रारींना पंधरा दिवसांत लेखी उत्तर, असा माझ्या टेबलाचा नियम होता आणि तो मी निवृत्तीपर्यंत मोडला नाही. फिलूला मात्र पन्नास वर्षं तोंडी टोलवलं. तेव्हा मॅनेजरपेक्षा मी फार वरच्या पायरीवर आहे असं नाही. त्याची एक चूक अर्ध्या तासाची आहे. पण त्यानं माझ्यासारखी पन्नास वर्षं लावू नयेत, म्हणून मुदत घालून देते आहे.

हाच मजकूर कंपनीलाही टपालानं पाठवला आहे. पैसे परत नकोत. दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. छापलेला थांबा, ज्या बाईसाठी तो महत्त्वाचा होता तिला न विचारता का गाळला? आणि 'बघण्यासारखं काही नाही' हे वाक्य कंपनी मागे घेते का?

उत्तर लेखी, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत हवं. सोमवार, १० फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडावं. मंगळवारी सकाळी फिलूला ऑपरेशनला न्यायचं आहे, आणि ते तिला त्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं आहे.