ओळखीची कळ

चाकणच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की मला फोन येतो, आणि गेल्या गेल्या मी ऑपरेटरला विचारतो, "आवाज कसा येतोय?" उत्तर ठरलेलं. "काहीतरी खटखट करतंय, साहेब." ह्या 'काहीतरी'नं माझं डोकं फिरतं. घासतंय, आपटतंय की कण्हतंय? रिकामं चालताना, की माल लावल्यावर? आठ-आठ तास मशीनशेजारी उभं राहून माणसाला आवाज सांगता येऊ नये, ह्यावरून मी कित्येकांना फाडून खाल्लं आहे.

म्हणून पिंपरीच्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी "काका, कसं दुखतं?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून "काहीतरी कंबरेतून पायात जातं" असं निघालं, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

ह्या मॅडम फक्त दुखण्याच्या डॉक्टर. असा वेगळा डॉक्टर असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. माझ्या मणक्यात दोन ठिकाणी नस दाबलेली दिसत होती, पण त्रास नक्की कुठली देते हे एमआरआयवरून कळत नव्हतं. पाठीतून सुई घालून नसेजवळ औषध सोडायचं, एवढं ठरलं होतं.

मॅडमनी एकेक शब्द पुढे केला. ठणकतं का? आग होते? चमक येते? मुंग्या? मी प्रत्येकाला "तसंच काहीसं" म्हणत गेलो. शेवटी शेजारी बसलेल्या बायकोला राहवेना. ती लातूरकडची, स्पष्ट बोलणारी.

"मी सांगू का, मॅडम? मोजे घालताना हे श्वास धरतेत. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की डाव्या पायाचा अंगठा चपलेतून वर उचलतेत. मी मागं बसलेली असते, मला दिसतंय की. विचारलं तर काई नाही म्हणतेत."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. वर्षभर ही बाई माझी रीडिंगं घेत होती आणि मला पत्ता नव्हता. मॅडमनी अंगठ्याचं तेवढं लिहून घेतलं.

मग मी माझं खरं म्हणणं मांडलं. मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून वाटते, आणि ती पाठीत जाणार म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली होती. "मला पूर्ण भूल द्या," मी म्हणालो. "डोळे उघडीन तेव्हा सगळं झालेलं असू दे."

"कातडी बधिर करीन. सलाइनमधून थोडं शांत वाटायचं औषधही देईन," मॅडम म्हणाल्या. "पण झोपवणार नाही. मला तुमच्याशी बोलायचंय. सुई नसेजवळ गेली की एक कळ जाईल. ती तुमची रोजचीच आहे की दुसरी, एवढं सांगायचं. तुम्ही ओळखाल तिथेच औषध सोडणार. पुढे ऑपरेशन करायची वेळ आली, तर कुठं करायचं तेही ह्यावरूनच ठरवावं लागेल. सुटका व्हावी म्हणून उगाच हो म्हणू नका."

सुई घालायच्या दिवशी सकाळी दुखण्याची गोळीही घ्यायची नव्हती. हे मात्र मला लगेच पटलं. बंद मशीनचा आवाज ऐकता येत नाही. भीती तशीच होती, पण आता मला चौकशीचा नाद लागला. सुई कुठं पोचली ते दिसतं कसं? बधिर केलेल्या जागेतून कळ कशी कळते? मध्येच शिंक आली तर? मॅडमनी सगळं सांगितलं. शिंकेच्या प्रश्नावर तर त्या हसल्याच. "आधी सांगा, मी थांबते."

घरी येताना तो शब्दच डोक्यात घोळत होता. दुखते तीही कळ आणि मशीनची दाबतो तीही कळ. मुकाट्यानं सोसलं तर कळ काढली, मुद्दाम भांडण उकरलं तरी कळच काढली. मी वर्षभर पहिल्या प्रकारची काढत होतो. बायकोच्या मते दुसऱ्या प्रकारचीही.

ठरल्या दिवशी मला टेबलावर पालथं झोपवलं. पहिली सुई गेली आणि मांडीच्या पुढच्या बाजूनं अशी कळ गेली की कपाळाला घाम फुटला.

"हीच का, काका?"

'हो' अगदी ओठावर आलं होतं. हो म्हटलं की संपलं. आमचे ऑपरेटर "हो हो साहेब, तेच तेच" म्हणून मला वाटेला लावतात, ते कसे, हे मला त्या टेबलावर समजलं. मी दात आवळले.

"नाही. ही मांडीतच थांबली. माझी खाली जाते."

"शाब्बास. आता जरा कळ काढा."

दुसरी सुई. कळ कंबरेतून निघाली, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं उतरली आणि थेट अंगठ्यात शिरली. "हीच!" मी ओरडलो. "करंट बसल्यासारखी! अंगठा वर ओढते बघा! हीच ती, मॅडम!" दुखल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. नर्सबाई हसायला लागल्या. मग औषध गेलं आणि ती कळ हळूहळू विझली.

पाय जड झाला होता. तो नीट हलका झाल्यावर, चालवून बघून त्यांनी संध्याकाळी मला सोडलं. आराम किती दिवस टिकेल ते बघू, मॅडम म्हणाल्या.

आम्ही रिक्षानं निघालो. बायको माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, तिची नजर खाली होती. मोशीच्या चौकात रिक्षा स्पीडब्रेकरवर दणकन आदळली.

"दुखलं का?"

"काही नाही," मी म्हणालो. वर्षभर हेच उत्तर देत आलो होतो.

ती अंगठ्याकडेच बघत होती. "आज खरं बोलायलात," ती म्हणाली.