बुडितातली झाडं

तमाम नागरिकांना जड अंतःकरणाने आणि खणखणीत आवाजात कळविण्यात येते की, कर्जत तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठी गवत नावाचं एक गंभीर संकट उगवलं होतं. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी टेम्पोभर रोपं, एक मांडव आणि एक मोठे साहेब मागविण्यात आले होते. समारंभाचं सूत्रसंचालन प्रस्तुत लेखकाने केलं. कुणी हसू नये.

मी शहरात, सावेडीला राहतो, शाळेत शिकवतो. पण माझा खरा देव माईक. हातात आला की मला स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडायला अर्धं मिनिट पुरतं. त्यामुळे आत्याच्या गावच्या सरपंचांनी बोलावलं तेव्हा मी कार्यक्रम कशाचा हे विचारलंच नाही. शाल आहे का, एवढंच विचारलं.

गावाची ती जागा म्हणजे ‘बुडीत’. धरण झालं तेव्हा नदीकाठची काळी रानं पाण्याखाली गेली. कागदावर ती सरकारची. पण हिवाळा सरताना पाणी मागे हटू लागतं आणि उन्हाळाभर तिथे गुडघाभर हिरवं गवत डोलतं. हरळी, मारवेल, पाण्याशी लव्हाळा. पावसाळ्यात पुन्हा सगळं पाण्यात. गंमत अशी की चाळीसेक वर्षं बुडालेले बांध गावाला अजून पाठ आहेत. कुणाचाही विळा दुसऱ्याच्या बांधापलीकडे जात नाही. आत्याचा तुकडा बुजलेल्या विहिरीपासून एका तिरक्या दगडापर्यंत. त्या गवताची गंज रचायची आणि त्यावर चार म्हशी पावसाळा काढणार. म्हशींवर आत्या. मामा गेल्यापासून तिच्या घराचा हिशेब एवढाच.

आदल्या दिवशी पोहोचलो तर ती तिथेच विळा चालवत होती.

“आलास? उद्या तूच वरडनार हाईस म्हनं, ‘हितं गुरं सोडू नका’ म्हनून?”

तेव्हा मला कळलं की झाडांभोवती तारेचं कुंपण होणार, आणि ‘चराई व गवतकापणी बंद’ ही घोषणा माझ्या सुमधुर कंठातून होणार.

“आत्या, मला कागद देतील तो मी वाचणार.”

“वाच की. मोठ्यानं वाच. माझ्या म्हशी दांडगट हायेत, एकदा सांगून ऐकत न्हाईत. आन् बाजारात कोन घेईल का, तेबी इचार माईकवरनं.”

ती हसून म्हणाली. पण विळा थांबला होता. मग पुन्हा खाली वाकत म्हणाली, “न्हाईतरी उद्या पानी येतंय.”

मी वर पाहिलं. पावसाळा लागला होता, पण आभाळ कोरडं ठणठणीत.

“पाऊस कुठंय?”

“आपल्याकडं कवा पडतो रं? पडतो पुन्याकडं, पानी येतं आपल्याकडं. टिटवीनं औंदा अंडी पार वरच्या बांधावर घातल्यात. तिला कळतंय, तुमास्नी न्हाई.”

मी हे सरपंचांच्या कानावर घातलं. “टिटवीवर ग्रामपंचायत चालत नाही, मास्तर,” ते म्हणाले. “पत्रिका छापली. साहेबांनी तारीख दिली.” आमच्या तालुक्यात पत्रिका छापली की सूर्यालाही रजा मिळत नाही. बोलताना सरपंच ज्या गंजीला टेकले होते ती त्यांच्याच घरची होती. त्यांच्या बायकोने आठवडाभर बुडितातलं गवत कापून रचलेली. पाण्याआधी गवत काढायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मांडवात मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेब दोन तास उशिरा आले. तोवर मी स्वागत केलं, पुन्हा स्वागत केलं, वृक्षाचे उपकार सांगितले आणि वृक्ष संपल्यावर स्वतःच्या बालपणाकडे वळलो. माझ्यासमोर, खुर्च्यांच्या मागे, गवतातून पाणी सरकत होतं. आवाज नाही, घाई नाही. आधी लव्हाळा हलायचा, मग चमकायचा. टिटव्या आकांत करत होत्या आणि मला वाटत होतं, भाषण रंगतंय.

आणि मग चराईबंदीचा तो कागद हातात आला. समोर बायकांत आत्या बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर विळा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी तिच्या हातचं खाल्लेलं सगळं दूध-तूप आठवलं. मी कागद खिशात घातला आणि थेट ‘शुभहस्ते वृक्षारोपण’ पुकारलं. सरपंचांनी डोळे वटारले. मी दिसलं नसल्याचा अभिनय केला; तो मला बरा जमतो.

साहेबांनी रोप खड्ड्यात ठेवलं. रोप वर आलं. खड्ड्यात खालून पाणी झिरपलं होतं. साहेबांनी माती लोटली. मातीचा चिखल झाला, रोप तिरकं होऊन तरंगू लागलं.

“साहेब, जरा दाबून धरा,” फोटोवाला म्हणाला.

“धरलंय! हे येतंय वर!”

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या खुर्च्या हळूच हलल्या. कुणीतरी किंचाळलं. मग पत्रिका, शाली, चपला आणि प्रतिष्ठित मंडळी एकदम चढाकडे निघाली. वाटायला ठेवलेली रोपं काळ्या पिशव्यांसकट शांतपणे धरणाच्या दिशेने रवाना झाली. आत्याच्या दोन म्हशी कुठूनशा येऊन त्यांच्यामधून डुंबत गेल्या आणि एकीने जाता जाता प्रमुख पाहुण्यांचं रोप तोंडात घेतलं. मी ते माईकवरून जाहीर केलं. सूत्रसंचालकाने घडेल ते सांगावं.

सरपंच धाप लागेपर्यंत साहेबांना समजावत होते, की हे पाणी अगदी अनपेक्षित, असं कधी होत नाही. मागे त्यांची बायको पदर तोंडाला लावून गदगदा हलत होती.

साहेब मात्र सरळ माणूस निघाले. हातात बूट, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी बायकांकडे वळून विचारलं, “दरवर्षी येतं हे?”

“दर साली,” चार-पाच जणी एकदम म्हणाल्या.

“मग झाडं कशाला? इथं गवतच ठेवायचं ना!”

सरपंच चिखलात चपला शोधू लागले. माझ्या हातातला माईक अजून चालू होता, आणि आत्याला राहवलं नाही.

“ठिवलंच हुतं की, सायेब! झाडं तुमीच आनली!”