सासऱ्यांच्या उपरण्याची गाठ

परमेश्वराला सगळ्यांत जास्त कामाला कोणी लावलं असेल, तर ते माझ्या सासऱ्यांनी. पवित्र व्हायची एवढी घाई आणि नाकाच्या शेंड्यावर एवढा राग, ही जोडी मी दुसरीकडे पाहिली नाही. कळंबला त्यांची पेरूची बाग आहे. तिथल्या राघूंनाही ते आधी शिव्या घालतात आणि मग "देवा, क्षमा कर" म्हणून डोळे मिटतात. तेवढ्यात राघू दुसरा पेरू उरकतात.

यावर उपाय त्यांनी स्वतःच काढला. कोणावर भडकलं की खांद्यावरच्या उपरण्याला गाठ मारायची, त्याची माफी मागितल्याशिवाय ती सोडायची नाही, आणि गाठ असेपर्यंत चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही. सासूबाई म्हणतात, "धुवायला घेतलं की उपरनं न्हाय, दावंच हातात येतंय." एका एसटी कंडक्टरची माफी मागायला तर ते पुढच्या रविवारी बारामतीला चर्चला येताना मुद्दाम तीच गाडी धरून आले.

एक गाठ मात्र दोन वर्षं राहिली. शेजारच्या डाळिंबवाल्या तात्यांनी बांध कोरला, असं समजून सासऱ्यांनी त्यांना भर बाजाराच्या दिवशी स्टँडवर चोर म्हटलं. पुढे मोजणी झाली आणि बांध जागच्या जागी निघाला. सासरे माफी मागायला तात्यांच्या घरी गेले. "तात्या, चोर तुमी न्हाय, पन तुमचा ट्रॅक्टरवाला..." एवढं बोलतात तोच ट्रॅक्टरवाला आतून चहाचा कप घेऊन बाहेर आला. दोघांची अशी जुंपली की सासरे दुसरी गाठ मारून परतले. ट्रॅक्टरवाल्याची गाठ दुसऱ्या दिवशी सुटली, तात्यांची राहिली.

चर्चमध्ये भाकरीचं ताट जवळ आलं की ते हात मागे घेत. मला बघवत नसे. एकदा मी म्हटलं, "मामा, देवानं केव्हाच माफ केलं असेल. घ्या."

"देवानं केलं आसंल, जावईबापू. पन चोर मी तात्याला म्हनलो, देवाला न्हाय."

मला रागच आला, कारण बोलणं खरं होतं.

गेल्या नाताळाआधी बाजाराच्याच दिवशी मी कळंबला होतो. सासरे त्याच स्टँडवर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तात्या चोर न्हाय. खोटं मी बोललो." मी पुढच्या 'पण'ची वाट पाहत राहिलो. तो आलाच नाही.

"एवढं बोलायला दोन वर्सं लागली व्हय?" म्हणत गर्दीतून पुढे आलेल्या तात्यांनी त्यांना हाताला धरून आपल्या बागेत नेलं. धुऊन धुऊन गाठ दगड झाली होती. तात्यांनी डाळिंबाचा काटा तोडला आणि ती हळूहळू उकलली.

नाताळच्या सकाळी ताट जवळ आलं तेव्हा सासऱ्यांनी हात पुढे केला आणि भाकर घेतली. बाहेर येऊन पाहतात तर कोणीतरी त्यांच्या चपलेवर मोटारसायकल लावलेली. हात उपरण्याकडे गेला, त्या चुरगळलेल्या टोकाशी थांबला, आणि ते चक्क हसले.

मला त्यांचा हेवा वाटला. मी कोणावर आवाज चढवत नाही, शांत माणूस म्हणून माझं नाव आहे. पण सख्ख्या भावाशी मी सहा वर्षं बोललेलो नाही. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या रुमालाला पहिली गाठ मारली.