भावजी आता पेपरात नसतात

आमच्या भावजींकडून सरळ उत्तर मिळवणं एके काळी जितकं सोपं होतं तितकंच आज अशक्य झालं आहे, आणि या दोन्ही काळांत त्यांच्याशी नेटाने संसार केल्याबद्दल आमच्या ताईचा जाहीर सत्कार व्हायला हवा, असं माझं प्रामाणिक मत आहे. उमेदीची सगळी वर्षं भावजी बोरिवलीतून निघणाऱ्या एका स्थानिक पेपरात बातमीदार होते. दहिसर ते मालाड कुठेही गटार तुंबलं की पालिकेच्या आधी भावजी हजर. घटनास्थळी गेल्याशिवाय आणि दोघांना विचारल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या हाडात भिनलं होतं. ताईला बघायला आले तेव्हा आई म्हणाली, "मुलीला स्वयंपाक उत्तम येतो." त्यावर यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे नक्की काय काय? आणि ते खाल्लेलं कोणी इथे आहे का?" वडिलांनी मान खाली घातली. गावचे काका गेल्याचा फोन आला तेव्हा सगळं घर रडत होतं, आणि भावजी फोनवर विचारत होते, "हे डॉक्टरांनी सांगितलं की शेजाऱ्यांनी?"

पुढे पेपर पातळ होत गेला, मग पगार, आणि एक दिवस भावजी अंधेरीतल्या एका बांधकाम कंपनीत कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये रुजू झाले. काम काय, असं आईने विचारलं तर म्हणाले, "कंपनीची भूमिका समाजापर्यंत पोचवणं." आई म्हणाली, "म्हणजे पूर्वी लोकांचं कंपन्यांना सांगायचात, आता उलट." इतकी नेमकी व्याख्या त्यांच्या साहेबांनाही जमली नसती. सहा महिन्यांत माणूस ओळखू येईना. मुलगी गणितात नापास झाली तर "सुधारणेला भरपूर वाव निर्माण झाला आहे." कुकरची शिटी उडून डाळ छतावर गेली तेव्हा ताई किंचाळली, आणि हे दारात उभे राहून म्हणाले, "परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे." छत कोणी पुसलं ते ताईला विचारा. रविवारी जेवायला येताय का, एवढं साधं विचारलं तरी उत्तर यायचं, "या टप्प्यावर त्याबद्दल बोलणं घाईचं ठरेल." आणि बरोबर पानं घेताना यायचे.

मात्र एक गोष्ट त्यांनी बदलली नव्हती, ती म्हणजे फोनचा नंबर. पेपर सोडल्याचंही त्यांनी बातम्या देणाऱ्या जुन्या लोकांपैकी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यामुळे रविवारी सकाळी भावजी गॅलरीत बसले की फोन सुरू व्हायचे. कुठे दिवे नाहीत, कुठे कचरा पडलाय. सगळ्यांत जास्त फोन मनोरीच्या फिलू मावशींचे. मावशी बोंबील विकायच्या आणि बातम्या फुकट द्यायच्या. भावजी सगळं ऐकून घ्यायचे, मग वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांना फोन लावून फक्त स्वतःचं नाव सांगायचे आणि विचारायचे, "मनोरीला पाणी नाही म्हणे. काय झालंय?" उद्या पेपरात येणार या भीतीने साहेब धावायचे. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी. एक अक्षर न छापता हा माणूस अर्धं उपनगर चालवत होता. ताई म्हणायची, "सांगून टाका ना हो एकदा. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर कुत्रं विचारणार नाही." भावजी म्हणायचे, "योग्य वेळी निवेदन करू."

ती वेळ मावशींनीच आणली. "बाबू, आमची वाट बंद केली रे. पत्रे ठोकलेत. बोंबील वाळत घालायला जायचं कुठून? ये आणि लिही." भावजींनी फोन ठेवला. ते पत्रे त्यांच्याच कंपनीचे होते. तिथे बंगले होणार होते. तरी ते निघालेच, आणि सोबतीला मला घेतलं. मार्वेहून बोटीत बसून पलीकडे मनोरीला पोचलो.

मावशी टोपली घेऊन पत्र्यांसमोरच उभ्या होत्या. पत्र्यांवर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'समुद्राच्या सान्निध्यात, गावकऱ्यांच्या सोबतीने.' मावशींनी ते बोट लावून वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "हे कोणी लिहिलं ते शोध. त्याला विचार, सोबतीने म्हणतोस, तर आम्ही पत्र्याच्या बाहेर कशा?"

आता 'माहिती घेत आहोत' येणार, म्हणून मी समुद्राकडे बघू लागलो.

"मी लिहिलं, मावशी," भावजी म्हणाले. "मी आता पेपरात नाही. यांच्याकडेच आहे. कधीचाच."

मावशींनी टोपली खाली ठेवली. त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग बरं झालं की. पेपरात येईपर्यंत माझे बोंबील सडले असते. तू तर आतलाच माणूस. उघड वाट."

सोमवारी भावजींनी कंपनीच्या साहेबांसमोर एक निवेदन ठेवलं. 'वाट आम्ही बंद केली. चूक झाली. उघडत आहोत.' साहेबांनी विचारलं, हा कच्चा मसुदा आहे का? भावजी म्हणाले, पक्का आहे. निवेदन काही बाहेर गेलं नाही, पण हा गृहस्थ ते पेपरांना पाठवील या धास्तीने एक पत्रा निघाला. डोक्यावर टोपली घेतलेली बाई जाईल एवढी वाट झाली. भावजींना मात्र कर्मचाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायला बसवलं. ते अजून तेच करतात.

मावशींच्या पोटात काही राहत नाही. भावजी आता पेपरात नसतात, हे त्यांनी कौतुकानेच गावभर सांगितलं, आणि ते फिरत फिरत वॉर्ड ऑफिसपर्यंत गेलं. साहेब फोन उचलेनासे झाले, मग लोकांचेही फोन थांबले. मला फार वाईट वाटतं. परवा रविवारी गेलो तर भावजी गॅलरीत बसून फोन चार्ज झालाय का ते पुन्हा पुन्हा बघत होते. मला बघून म्हणाले, "काय रे, तुमच्याकडे पाणी येतं ना नीट?"

"नाही हो, सकाळी जोर फार कमी असतो."

भावजी ताठ बसले. "कधीपासून? तुझ्याच घरी की सगळ्या बिल्डिंगला?"

आमच्याकडे पाणी धो धो येतं. मी म्हणालो, "सगळ्या बिल्डिंगला, भावजी. तुम्ही येऊन बघाच एकदा."