साडेपाच ते सात, मी आणि बाबा

प्रोग्रॅमिंग शिकायला लागले तेव्हा माझ्या अभ्यासाला काही ताळतंत्र नव्हतं. बी.एस्सी. झालं होतं, नोकरी नव्हती, आणि दिल्लीत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. त्यातल्याच एकात बाबांनी मला घातलं. तिथे आठवड्यातून दोनदा, एकेक तास मशीन मिळायचं. बाकी सगळं वहीत. मी एखाद्या दिवशी चार प्रोग्रॅम लिहायचे आणि मग आठवडाभर वहीला हात लावायचे नाही. मिळालेला तास चुका शोधण्यातच संपायचा.

आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. त्यांच्या ऑफिसातही कॉम्प्युटर आले होते. एका संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "उद्यापासून रोज साडेपाच ते सात बसू. तू जे शिकशील ते मला शिकव. मलाही येईल आणि तुझंही पक्कं होईल."

"पहाटे? थंडीत? आणि रविवारी?"

"रविवारीही, बिल्कुल. त्या दिवशी तर घाई नसते."

आई हीटर लावून द्यायची आणि आम्ही शाली गुंडाळून जेवणाच्या टेबलाशी बसायचो. नियम बाबांचे. आधी कालचा प्रोग्रॅम न बघता लिहायचा, मग कागदावरच एकेक ओळ चालवून बघायची, आणि त्यानंतरच नवीन काही. एकही खाडा झाला नाही. महिन्याभरात माझे प्रोग्रॅम मशीनवर पहिल्या फटक्यात चालायला लागले. क्लासचे सर इतरांना माझी वही दाखवायचे.

बाबांची गाडी मात्र पुढे सरकेना. पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं, एक्स बरोबर एक्स अधिक एक. बाबा म्हणाले, "हे कसं शक्य आहे? कुठलीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी कशी असेल?" मी खूप हसले. उजवीकडचं आधी करायचं आणि उत्तर परत एक्समध्येच ठेवायचं, असं समजावलं. त्यांना पटलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा तसेच थांबले. "हे कसं शक्य आहे?" तेच शब्द, तेच आश्चर्य. मला वाटलं, गंमत करतायत. पाचव्यांदा झालं तेव्हा माझा तोल गेला.

"बाबा, तुम्ही लक्षच देत नाही. कशाला माझा वेळ घालवता?"

त्यांनी चष्मा काढून शालीला पुसला. "सॉरी. परत सांग एकदा. आता नीट लिहून घेतो."

त्यांच्या वहीत ते आधीच चार ठिकाणी लिहिलेलं होतं, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात. मी पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

फेब्रुवारीत एका सकाळी अभ्यास आटोपून ते दूध आणायला गेले आणि तासभर परतलेच नाहीत. शेवटी मागच्या ब्लॉकमधल्या एक बंगाली बाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. "अंकलजी हमारे यहाँ आकर बैठ गए थे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "चाय माँग रहे थे." आमच्याकडची सगळी क्वार्टरं एकसारखीच, असं म्हणून आईने वेळ मारून नेली. बाबा दुधाची पिशवी घट्ट धरून दारात उभे होते.

तपासण्या झाल्या. हा विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्यांना कळत होतं गं. वर्षभरापासून. रोज ठरल्या वेळी काहीतरी नवीन शिकलो तर डोकं टिकेल, म्हणाले. पोरीला सांगू नकोस म्हणाले."

त्यानंतरही आम्ही बसत राहिलो. नवीन काही नाही, तीच एक ओळ. ते विचारायचे, मी सांगायचे. जूनमध्ये मला गुडगावला नोकरी लागली. तेव्हा तिथे शेतांमध्ये मोजक्याच इमारती उभ्या होत्या, आणि नोकरदारांची चार्टर्ड बस पहाटे सहालाच निघायची. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अच्छा? मग माझा अभ्यास कोण घेणार?" आईने काही दिवस घेऊन बघितला. तिच्यापाशी ते बसेनात.

त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, क्वार्टर सुटलं, आणि आम्ही फरीदाबादला फ्लॅटमध्ये गेलो. शेवटच्या वर्षी त्यांना मी ओळखू येत नव्हते. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ते खुर्चीतून उठायला बघायचे आणि म्हणायचे, "मॅडम, आज होमवर्क राहिलं."

"राहू द्या. उद्या करू," मी म्हणायचे. मग ते सावकाश खाली बसायचे.

बाबा मे महिन्यात, भर दुपारी गेले. आईने ऑफिसात फोन केला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. निरोप मला तासाभराने मिळाला.